दादाचा नवा भिडू

१

स्पर्धेच्या सकाळी घरात कोणी घाई करायची नाही, हा दादाचा नियम. मी सात वर्षांची असताना त्याने तो घातला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षीही तो मोडायची माझी छाती नव्हती. आईवडील लवकर गेले. दादा माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. चष्म्याचं दुकान चालवता चालवता त्याने मला वाढवलं आणि बुद्धिबळ शिकवलं. यातलं मुख्य काम कोणतं आणि जोडकाम कोणतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने लग्न केलं नाही, मीही केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "आमच्या घरात एकच राजा-वजीर, आणि तेही लाकडाचे."

आधी चहा. मग तो माझा चष्मा मागून घ्यायचा, दुकानातल्या मऊ फडक्याने पुसायचा, खिडकीसमोर धरून बघायचा आणि माझ्या नाकावर स्वतःच्या हाताने चढवायचा. मग आम्ही चालत निघायचो. मंडपात असो की सभागृहात, तो माझ्या पाठीमागे बसायचा. समोर कधीच नाही. "पुढून बघितलं तर तुझा चेहरा मला काहीतरी सांगणार आणि माझा तुला. दोन्ही वाईट."

नऊ वर्षांची असताना मी एक अंतिम सामना हरले. एका चालीत मात होती आणि ती मला दिसली नव्हती. दादाला दिसली होती. मी मागे वळून बघितलं तर त्याने नजर खाली केली, खोकलासुद्धा नाही. रडत रडत घरी आले तेव्हा म्हणाला, "मी सांगितलं असतं तर तो डाव तुझा राहिला नसता." त्या वाक्यावर मी पुढे आयुष्य काढलं म्हटलं तरी चालेल.

पण या स्पर्धेच्या सकाळी मी चहा घ्यायला आले तर तो कपडे करून दाराशी उभा होता. चष्म्याचं त्याला आठवलंही नाही. मीच पदराने पुसला.

महिन्याभरापासून आमच्यात सगळंच जरा बेतानं चाललं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका बुद्धिबळ शाळेने मला शिकवायला बोलावलं होतं. मी होकार कळवला आणि मग दादाला सांगितलं. तो पट पुसत होता. "जा की," एवढंच म्हणाला आणि पुसत राहिला. ही स्पर्धा झाली की मी जाणार होते.

२

सभागृह एका क्रीडा मंडळाचं होतं. एरवी तिथे टेबल टेनिस चालायचं; टेबलं भिंतीला टेकवून ठेवलेली आणि त्यांच्या जागी पांढऱ्या कापडाच्या लांबच लांब रांगा. छताला एक पंखा होता, तो मधूनच कुरकुरायचा. पहिल्या फेरीत वरच्यांची गाठ खालच्यांशी घालतात. या फेरीला आम्ही आपसात 'व्यायाम' म्हणतो. माझं नाव यादीत सगळ्यांत वर होतं. समोर जी येणार होती ती नवखी, तिला अजून रेटिंगही नव्हतं; तिचं नाव मी वाचलंही नाही.

मी पोचले तेव्हा ती बसलेली होती. तिचं वर्णन करायला मला अजून जमत नाही. उंच नव्हती, बुटकी नव्हती. वय माझ्याएवढं असेल किंवा दहा वर्षांनी इकडे तिकडे. करड्या रंगाचा स्वेटर. चेहरा बघितला की लक्षात राहिला असं वाटायचं, आणि नजर हलवली की हातात काही उरायचं नाही.

"नमस्कार," मी म्हटलं. तिने मान हलवली.

मी माझी मोहरी सारखी केली. दोन्ही घोड्यांची तोंडं आत, राजाकडे वळवली. ही माझी लहानपणची खोड. दादाने शिकवताना सांगितलं होतं, घोडे राजाकडे बघत उभे असले की पळून जात नाहीत. लोक घोडे सरळ ठेवतात, फार तर बाहेर वळवतात. माझी खोड ओळखीचे सगळे थट्टेवारी नेतात.

मान वर केली तर तिचेही दोन्ही घोडे आत वळलेले होते.

असेल, म्हटलं मी. शेकडो माणसं खेळतात, कोणाकोणाला कसल्या सवयी असतात. कदाचित माझा एखादा फोटो बघितला असेल आणि मोठ्या खेळाडूची नक्कल करावीशी वाटली असेल. खरं सांगायचं तर मी मनातून थोडी सुखावलेच.

पंचांनी घड्याळं सुरू करायला सांगितली. खुर्च्या सरकल्या, खोकले झाले, मग शांतता पसरली. त्या शांततेत मला एक गोष्ट जाणवली आणि मी ती झटकून टाकली. एवढ्या जवळ बसलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो. मला फक्त माझाच येत होता. मी श्वास रोखून बघितला. तेव्हा काहीच ऐकू आलं नाही.

३

नवख्या माणसाशी साधं खेळावं, तो आपोआप चुकतो. पण त्या दिवशी मला लवकर मोकळं व्हायचं होतं, म्हणून मी आमची हिवाळ्यातली चाल काढली.

ती चाल मी आणि दादाने गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शोधली होती. सुरुवातीलाच घोडा देऊन टाकायचा. समोरच्याला वाटतं, लॉटरी लागली. त्यानंतर तो जी जी सरळ चाल खेळेल तिने तो मरतो. वाचायला एकच वाट आहे आणि ती इतकी वेडगळ आहे की शहाणा माणूस तिच्याकडे बघणारही नाही: राजाने स्वतःहून एक घर पुढे, उघड्यावर यायचं. ती वाट दादानेच काढली. काढल्यावर तो खूप हसला होता. "पटाशी बसून हे कोणाच्या बापाला सुचणार नाही," म्हणाला. ते आम्ही कुठे लिहिलंही नव्हतं. आमच्या दोघांच्या डोक्यात होतं, बस.

मी घोडा दिला. तिने तो घेतला. मी शह दिला.

तिने राजा एक घर पुढे ठेवला. विचार केला नाही, हात अडखळला नाही. बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवला.

पहिल्या घासाला खडा लागावा तसं झालं. मी पटाकडे बघत राहिले. चुकून खेळली असेल, घाबरून राजा पळवला असेल. मी पुढची चाल केली. तिने उत्तर दिलं, आमचंच. त्याच्या पुढची चाल केली. पुन्हा आमचंच. मग मी डोळ्यांवरचा चष्मा काढून घडी न करता पालथा ठेवला, विचार करताना ठेवते तसा. तिला चष्मा नव्हता. पण तिचा हात नाकापर्यंत गेला, रिकामा खाली आला आणि टेबलावर पालथा पडला.

आणि ओठातल्या ओठात ती म्हणाली, "हं. बघू या."

हे मी म्हणते. डाव अवघड झाला की मी म्हणते, मला कळतही नाही. दादा त्यावरून चिडवतो.

मी मागे वळून बघितलं. माझ्या पाठीमागची खुर्ची रिकामी होती. त्याला शोधायला फार लांब बघावं लागलं नाही. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे, तिच्या खांद्यामागे, दादा उभा होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्यासमोर होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता. तिच्या मानेकडे बघत होता. तिच्या शेवटच्या चालीवर त्याने मान किंचित खाली केली. ती मान मला ओळखू येते. मी बरोबर खेळले की घरी परतताना मला ती मिळायची. ती कमवायला मी काय काय केलं होतं.

४

माझं घड्याळ चालू असतानाच मी उठले. डाव चालू असताना बघ्यांशी बोलायचं नसतं. मी दादाच्या दंडाला धरून त्याला बाहेरच्या बोळात नेलं. तिथे पाण्याचं पिंप होतं आणि भिंतीवर जुन्या संघांचे फोटो.

"तू हिला ओळखतोस."

"ओळखतो असं नाही," दादा म्हणाला. "येते ती."

"कुठे येते?"

"घरी. तू छापखान्यात गेलीस की." मी छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करायचे, सकाळी गेले की संध्याकाळीच परतायचे.

"कधीपासून?"

"तू जायचं ठरवलंस ना, त्यानंतर."

मला आधी साधा राग आला. म्हातारा माणूस, एकटेपणाच्या भीतीने कोणालातरी घरात घेतो, शिकवतो, आणि बोलता बोलता पोटातलं सगळं सांगून बसतो. असं होतं. मी स्वतःला समजावलं, असं होतं. "कोण आहे? कुठे राहते?"

"मी विचारलं नाही."

"घरात घेतलंस आणि नाव विचारलं नाहीस?"

"घेतलं नाही मी." तो पिंपाच्या नळाकडे बघत होता. "बेल वाजली नाही काही नाही. मी पट मांडून बसलो होतो, आपला असाच. तुझी खुर्ची रिकामी होती. मग नव्हती."

पंख्याची कुरकुर बोळापर्यंत येत होती. मी म्हटलं, "दादा, तुला बरं वाटतंय ना?"

"आता वाटतंय. सुरुवातीला तिला काहीच येत नव्हतं. घोडा कसा चालतो तेसुद्धा. बोलताही यायचं नाही धड. मी शिकवलं. तुला शिकवलं तसंच, पहिल्यापासून. मला दुसरं कुठे येतं?"

"आणि आमची चाल? तीही शिकवलीस? मी आज खेळणार हे माहीत असून? केसाने गळा कापलास माझा."

"आमची कुठली? आपली होती. तुझी एकटीची नव्हती." त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "आणि मला सांगतेस? तू कधी सांगितलंस? सगळं पक्कं करून आलीस आणि मग सांगितलंस. मी काय करायचं होतं त्या घरात? मोहरी पुसत बसायचं?"

मी म्हटलं, "मला म्हणायचंस. जाऊ नकोस, असं एकदा म्हणायचंस."

"तू थांबली असतीस आणि मग आयुष्यभर तोंड पाडून बसली असतीस. ती तसं करत नाही." मग तो माझ्या जवळ आला आणि लहानपणी समजूत घालताना बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "हा एक डाव सोड तिला. पहिलीच फेरी आहे, तुझं काय जातंय? छोटी म्हणते, एकदा तुझ्याशी पुरा डाव झाला की तिला परत जावं लागणार नाही."

मला घरात छोटी म्हणतात. म्हणजे दादा म्हणतो. दुसरं म्हणणारं कोणी उरलेलं नाही.

"परत कुठे?" मी विचारलं.

"मी विचारलं नाही," दादा म्हणाला.

५

मी परत येऊन बसले ती हरायचं नाही असं ठरवून. माझं घड्याळ बरंच खाली आलं होतं. ती तशीच बसली होती, हात मांडीवर. मी ज्या घराचा विचार करायचे त्या घराकडे तिची नजर माझ्या आधी पोचलेली असायची. उंट मागे घ्यावा असं मनात आलं की ती त्या उंटाकडे बघायची. हत्ती सरकवावा म्हटलं की तिची बोटं समोरच्या प्याद्याजवळ येऊन थांबायची. मी डोकं शक्य तितकं गार ठेवलं. तिला मी पाठ आहे, एवढाच याचा अर्थ. जो मला पाठ करून आलाय त्याच्याशी मी माझ्यासारखं खेळता कामा नये.

मी सहसा वजीर मारामारीत देत नाही. लहानपणापासून भीती. दादा थकला सांगून सांगून. मी वजीर उचलला आणि थेट तिच्या वजिरासमोर ठेवला. घे.

ती थांबली.

पहिल्यांदाच थांबली. तिचा चेहरा, जो मला धरून ठेवता येत नव्हता, तो अजून सैल झाला. इस्त्री न केलेल्या कापडासारखा, त्यात कोणी नसल्यासारखा. डोळे पटावरून भटकले. तिचा श्वास आता मला ऐकू आला. माझ्यापेक्षा वेगळा, घाईचा, आणि नाका-तोंडातून येत असावा असं वाटेना. तिला पुढचं येत नव्हतं. तिला हे शिकवलेलं नव्हतं, कारण मी असं कधी खेळलेच नव्हते.

मग तिने मान वळवली आणि दादाकडे बघितलं.

मीही बघितलं. दादाचे डोळे पटावर होते. त्याला उत्तर दिसलं तो क्षण मी पाहिला. तो माझ्याहून जुना खेळाडू, त्याला दिसणारच. मला वाटलं, आता तो नजर खाली करेल. मी नऊ वर्षांची असताना त्याने केली होती. मी रडेन हे माहीत असूनही केली होती.

दादाच्या ओठांनी आवाज न करता शब्द केला. हत्ती.

तिने हत्ती उचलला.

मी हात वर केला. पंच आले. गृहस्थ म्हातारे होते, मला शाळकरी असल्यापासून ओळखत होते. वाकून हळूच म्हणाले, "काय झालं, ताई?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या माणसाने तिला चाल सांगितली. त्यांनी विचारलं असतं, कोणत्या? आणि मला भर सभागृहात बोट दाखवावं लागलं असतं. दादा माझ्याकडे बघत होता. आता बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर शरम असेल म्हणून मी शोधलं. होती ती काळजी होती, पण ती माझी नव्हती.

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी मिळेल का?"

मी गप्प बसले तर त्याला लाज वाटेल, असं मला वाटलं होतं. पाणी आलं, मी प्यायले. पुढे फार काही राहिलं नव्हतं. हत्तीच्या त्या चालीनंतर माझा राजा कोपऱ्यात सापडला, आणि तिथून तो कसा मरतो हे तिला येत होतं, कारण ते मलाही येत होतं. मी घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

तिने तो धरला. आपलाच डावा हात आपण उजव्या हातात घेतो तेव्हा कोण कोणाला धरतंय हे कळत नाही, तसं झालं. गार नव्हता, गरम नव्हता. किती वेळ धरलाय तेही कळेना. शेवटी तो सुटला तेव्हा मी सोडला की तिने, हे मी सांगू शकत नाही. ती मात्र आता सरळ बसली होती. चेहरा भरून आल्यासारखा दिसत होता. आजूबाजूच्या पटांवरची माणसं वळून वळून बघत होती. अशा निकालाला बघतातच. पण बघत होती ती तिच्याकडे. आमच्या मंडळातली एक बाई टेबलाशी आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जिंकलीस ना? वाटलंच होतं. नवख्यांना तू काय सोडतेस."

मी त्या बाईच्या शेजारीच उभी होते.

६

दादा गर्दीत दिसला नाही. मी सरळ घरी गेले नाही. नदीवरच्या पुलापर्यंत चालत गेले, तिथून परत आले, एका दुकानाच्या काचेत स्वतःला बघितलं. होते मी. पदर, चष्मा, सगळं जागच्या जागी. माणूस हरला की त्याला काय काय वाटतं, असं म्हणत मी दादाशी काय बोलायचं ते जुळवत होते. रागावणार नव्हते. जाणं पुढे ढकलते म्हणणार होते. किंवा माझ्याबरोबर चल म्हणणार होते. खरं म्हणजे हे मी पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं, तर एव्हाना तो सामान बांधत असता.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. दुपारचं ऊन जिन्यात उतरलं होतं. किल्ली फिरवली तर दार उघडेना, आतून कडी होती. मी दाराला कान लावला. मोहरं पटावर ठेवल्याचा आवाज आला. मग दादाचं हसणं. असं मोकळं हसताना मी त्याला हिवाळ्यानंतर ऐकलं नव्हतं.

मी दार वाजवलं. आत सगळं थांबलं. चपला सरपटत आल्या, कडी निघाली, दार हातभर उघडलं आणि दादा फटीत उभा राहिला. त्याच्या मागे, खोलीतल्या खिडकीपाशी, माझ्या खुर्चीची पाठ दिसत होती. खुर्चीच्या पाठीवरून कोणाचंतरी डोकं वर आलेलं होतं. केस विंचरून बांधलेले, मी माझे बांधते तसे, मानेशी थोडे सुटलेले. दादाच्या हातात ते मऊ फडकं होतं.

"कोण पाहिजे आपल्याला?" दादा म्हणाला.

मी चौकटीला धरलं. "दादा."

त्याचा खालचा ओठ हलला. तो मला न ओळखता बोलला असता तर मी डॉक्टर बोलावला असता, शेजाऱ्यांना हाक मारली असती, काहीतरी केलं असतं. पण त्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून फिरत होते, आणि चष्म्याच्या काचेवर पदराने पुसताना राहिलेल्या डागाशी येऊन थांबले. त्याने फडक्याचा हात अर्धा वर केला आणि खाली घेतला.

"कोण आहे रे, दादा?" आतून आवाज आला. आपला आवाज आपल्याला बाहेरून कसा ऐकू येतो हे माणसाला ठाऊक नसतं, त्यामुळे मला तो ओळखायला एक क्षण लागला.

दादाने माझ्यावरची नजर काढली नाही.

"कोणी नाही," तो म्हणाला.

माझी बोटं अजून चौकटीवर होती. ती त्याने एकेक करून सोडवली, चिमटू नयेत म्हणून. मग दार लावून घेतलं.